पगारपत्रक मीच करायचे, म्हणून लिहितेय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका उद्योजक वाचकांचं पत्र आलं होतं, आजकालची पोरं एका जागी टिकत नाहीत, दोन हजार जास्त दिसले की चालली सोडून, निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही, असं. ते वाचल्यापासून डोक्यातून जाईना, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसले. मी कोल्हापूरची, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सहा वर्षं चार महिने अकाउंट्सला होते आणि पगारपत्रक मीच करायचे, त्यामुळे कोण किती पगारावर किती वर्षं राहिलं आणि कोण कसं सोडून गेलं हे मी अगदी जवळून बघितलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, कारण आमच्याकडे जे होतं ते आजूबाजूच्या चार शेडमध्येही होतंच.

मी लागले १६ ऑगस्ट २०१७ ला. १ जुलैला जीएसटी सुरू झाला होता, सगळ्यांची नुसती धावपळ चाललेली, जुने अकाउंटंट काका म्हणाले मला हे कॉम्प्युटरचं झेपणार नाही, म्हणून मला घेतलं, पगार १२,०००. खरं सांगते, पहिली दोन वर्षं मला तो पगार कमी वाटला नाही. बीकॉम करून मला येत काय होतं, व्हाउचर पण नीट लिहिता येत नव्हतं. कास्टिंगचं जॉब वर्क, चलन, ई-वे बिल, पीएफचं चलन, टीडीएस, हे सगळं मी तिथे शिकले आणि चुका केल्या तरी मालकांनी सांभाळून घेतलं. त्या दोन वर्षांचं मला आजही काही वाटत नाही. माझं म्हणणं तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतरचं आहे, जेव्हा शिकायला नवीन काही राहिलं नाही पण काम मात्र वाढतच गेलं. सात तारखेला टीडीएस, अकराला जीएसटीआर वन हे जीएसटीचं रिटर्न, पंधराला पीएफ आणि ईएसआयसी म्हणजे कामगार विमा, वीसला जीएसटीचंच थ्री बी, असा आमचा महिना तारखांवर चालतो, त्यात ऑक्टोबर २०२२ पासून दहा कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस आलं, बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवायचं, म्हणजे गाडी गेटवर उभी आणि ड्रायव्हर खिडकीत, बिल निघाल्याशिवाय तो हलणार नाही आणि मी जेवायला उठणार नाही. पगार किती वाढला? कधी पाचशे, कधी आठशे, २०२० ला काहीच नाही. एप्रिल २०२३ ला १५,५०० झाला.

एकदा रात्री घरी मी सहज हिशोब केला. महागाई वर्षाला पाच टक्केच धरली (आमच्या किराणा दुकानात पाच टक्के कुठे दिसत नव्हती, गॅसची टाकी तेव्हा अकराशेच्या वर गेलेली) तरी २०१७ चे बारा हजार म्हणजे २०२३ चे सोळा हजार ऐंशी होतात. म्हणजे सहा वर्षांनी, दुप्पट कामावर, माझा पगार मी पहिल्या दिवशी घेतला त्याच्यापेक्षा कमी होता. वाढ मिळाली वाढ मिळाली म्हणून मी दरवर्षी आईच्या हातात पेढे देत होते. तो आकडा बघून मी बराच वेळ कॅल्क्युलेटर हातात धरून बसले होते.

आणि हे लिहायलाच हवं की मालक वाईट माणूस नव्हता. लॉकडाऊनमध्ये एप्रिल-मे २०२० ला निम्मा पगार दिला, तेव्हा खरंच बँकेत पैसे नव्हते, मला माहिती होतं कारण बँकेचं स्टेटमेंट माझ्याच समोर असायचं, आणि मी काहीही न बोलता घेतला. मोठ्या कंपन्या माल घेऊन नव्वद-नव्वद दिवस पेमेंट करत नाहीत, कायदा ४५ दिवस म्हणतो पण छोटा फाउंड्रीवाला भांडणार कुणाशी, पुढची ऑर्डर जाईल. हे सगळं मला कळतं. पण अकाउंट्सला बसलेल्या माणसाला पैसे नाहीत हे कधी खरं असतं आणि कधी नुसतं सांगायचं असतं हेही कळतं. एप्रिल २०२३ च्या पगारपत्रकात नवीन लागलेल्या परचेसच्या मुलाची ओळ मी भरली, अनुभव एक वर्ष, पगार १९,०००. माझ्या ओळीच्या खाली तीन ओळी. मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, साहेब माझंही बघा ना. ते म्हणाले, "अगं त्याला संसार आहे, तुझ्यावर काय जबाबदारी आहे, आई आणि तूच ना? यंदा जरा ओढाताण आहे, पुढच्या वर्षी बघू." त्याच आठवड्यात नव्या गाडीच्या डाउन पेमेंटचं व्हाउचर मी केलं होतं.

जबाबदारी नाही म्हणे. वडील गेल्यापासून घरभाडं, आईची शुगर-बीपीची औषधं, भावाच्या शिक्षणाच्या कर्जाचा निम्मा हप्ता, हे मी भरत होते. आणि समजा नसते भरत, तरी काय? पगार कामाचा असतो ना? माझ्या घरात किती माणसं जेवतात यावर जीएसटी रिटर्न लवकर किंवा उशिरा भरलं जात नाही. हे वाक्य किती मुलींनी ऐकलं असेल, लग्न झालेली असली तर नवरा कमावतो की, झालेलं नसलं तर तुला कशाला एवढे.

त्या दिवशी मनात आलं चाव्या टेबलावर टाकाव्यात आणि निघून जावं. थांबले ते आमच्या फेटलिंगमधल्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या खात्यातल्या, मामांमुळे.

मामा अकरा वर्षं होते. २०१९ मध्ये सुपरवायझरशी हजेरीवरनं वाजलं, तीन तारीख होती, हातमोजे काढून जमिनीवर आपटले आणि गेटच्या बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. पगार घ्यायला पण नाही. चार-पाच महिन्यांनी मला बाजारात भेटले, एका वर्कशॉपमध्ये आधीपेक्षाही कमी रोजावर लागले होते, म्हणाले, "ताई, माझं पैसं बुडालं म्हणायचं का वो?" त्यांना वाटत होतं रागानं सोडली म्हणजे हक्क गेला. मी त्यांची ग्रॅच्युइटी (पाच वर्षं झालेल्याला नोकरी सोडताना मिळते ती रक्कम) काढून ठेवली होती, बेसिक डीए मिळून ९,८००, गुणिले १५, भागिले २६, गुणिले ११ वर्षं, ६२,१९२ रुपये. कायद्यानं मालकानं अर्जाची वाट न बघता तीस दिवसांत द्यायचे असतात, पण देतं कोण, मागणारा येत नाही तोवर फाइल कपाटातच राहते. मी त्यांना फॉर्म आय भरून दिला, कुठे सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारून, आणि मालकांना सांगितलं की हे द्यावेच लागतात. मिळाले. पण मधले चार-पाच महिने त्या माणसाने मुलीच्या फीसाठी व्याजाने पैसे काढले होते, आपलेच बासष्ट हजार कपाटात पडलेले असताना.

म्हणून चाव्या टाकल्या नाहीत. घरी आले आणि वहीचं एक पान घेतलं, त्यावर तारीख घातली, आणि लिहिलं की दिवाळीचा बोनस हातात आला की त्यानंतर मी इथे नाही. तारीख लिहिली ना की राग उतरतो, खरंच उतरतो, कारण मग रोजचं बोलणं मनाला लागत नाही, दिवस मोजता येतात. माझ्याकडे सात महिने होते. पहिलं काम केलं ते पोस्टात आरडी आणि भिशीचे पैसे हात न लावता बाजूला, तीन महिन्यांचं भाडं, औषधं आणि हप्ता निघेल एवढे. नवीन नोकरी हातात असली तरी पहिला पगार यायला दीड महिना जातो, हे लोक विसरतात आणि मग जुन्याच मालकाकडे उचल मागायला जातात.

दुसरं, उमंग ॲपवर स्वतःचं पीएफ पासबुक उघडून बघितलं. मी स्वतः दर महिन्याला चलन भरणारी, पण माझं नाव आधारप्रमाणे नव्हतं, मधलं नाव चुकलेलं. नोकरीत असताना ते दुरुस्त होतं, तेव्हा त्याला कंपनीची मंजुरी लागायची, सोडून गेल्यावर त्यासाठी खेटे घालावे लागायचे. सगळ्यांना सांगावंसं वाटतं, सोडायच्या आधी नाव, जन्मतारीख, बँक खातं, केवायसी बघून घ्या. आणि तो पीएफ काढू नका हो. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून नव्या ठिकाणी ट्रान्सफर करायचा, पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात ती अशीच जोडली जातात, आणि पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्सही बसू शकतो. आमच्या कोअर शॉपमधल्या दोन पोरांनी दर नोकरीला पीएफ काढून मोबाईल घेतला, त्यांची सर्व्हिस दर वेळी शून्यावर.

नोकरी शोधणं मात्र अवघड गेलं. आमची एमआयडीसी म्हणजे एक गावच, मालक मंडळी एकाच मीटिंगला बसतात, तुमच्याकडची पोरगी आली होती बरं का असं सहज कुणी बोलून जातं. त्यामुळे मी बायोडाटा ऑफिसच्या प्रिंटरवर काढला नाही, झेरॉक्सच्या दुकानातून काढला, इंटरव्ह्यू तीनच दिले आणि तेही माझ्या हक्काच्या रजेवर, खोटं आजारपण सांगून नाही. दोन ठिकाणी विचारलं आत्ता किती पगार आहे, आणि आकडा ऐकून त्यांनी त्यावर हजार वाढवून सांगितले. तिसऱ्या ठिकाणी मी आधी काम सांगितलं, ई-इन्व्हॉइस, ऑडिटची तयारी, तीनशे माणसांचं पगारपत्रक, आणि म्हटलं की या कामाचे मला बावीस हवेत. कागल पंचतारांकित एमआयडीसीतली कंपनी, त्यांनी दोन दिवसांनी हो म्हटलं. सीटीसी २२,००० की पगार २२,००० हे मी स्पष्ट विचारून घेतलं, कारण सीटीसीत कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं कोंबलेलं असतं आणि हातात येतात सतरा.

आता तुमचे पत्रलेखक म्हणतात तसं मी साडेसहा हजारासाठी गेले का? पूर्ण हिशोब सांगते. २१,००० च्या वर पगार गेला की ईएसआयसी सुटते, आईची औषधं तिथूनच मिळायची, म्हणून सोडायच्या आधी आम्हा दोघींचा मेडिक्लेम काढला, तो महिन्याला सतराशेला पडला, आणि जुन्या आजाराला वेटिंग पिरियड असल्याने सुरुवातीची औषधं खिशातून. शिरोली घरापासून सात किलोमीटर, कागल वीस, रोजचे सव्वीस किलोमीटर जास्त म्हणजे पेट्रोलचे सोळाशे. राहिले ३,२००. साडेसहाचे एवढेच राहतात, म्हणून दोन हजारासाठी सोडणाऱ्यांना मीही सांगेन की सोडू नका, बस आणि डबा धरला तर ते दोन हजार उरतच नाहीत. मी गेले ते ३,२०० अधिक दरवर्षीची वाढ लेखी, अधिक नवीन काम शिकायला मिळणार म्हणून.

तारखेचाही हिशोब केला होता. ग्रॅच्युइटीत शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण धरतात, मी फेब्रुवारी २०२४ च्या मध्यापर्यंत थांबले असते तर सात वर्षं धरली गेली असती, म्हणजे ७,२११ रुपये जास्त, आणि त्या दोन महिन्यांत नव्या पगारातले ६,४०० गेले असते. फरक आठशे रुपयांचा, आणि नवी कंपनी जागा तोवर रिकामी ठेवणार नव्हती, मग थांबले नाही. पण ज्यांची पाच वर्षं व्हायला दोन-तीन महिनेच बाकी आहेत त्यांनी दात-ओठ खाऊन थांबा, तिथे एका नाही सगळ्या पाच वर्षांचे पैसे पणाला असतात. मला सहा वर्षांचे ४३,२६९ मिळाले.

बोनस धनत्रयोदशीला झाला. गेल्या आर्थिक वर्षाचा बोनस हा केलेल्या कामाचा असतो, सोडून गेलेल्यालाही द्यायचा असतो, पण राजीनामा दिलेल्याचा बोनस काढायला मालकाचा हात जड होतो हे मी दर दिवाळीला बघितलेलं, म्हणून आधी बोनस आणि भाऊबीज झाल्यावर १६ नोव्हेंबरला राजीनामा. चार ओळी. कारण एकच लिहिलं, दुसरीकडे संधी मिळाली, नियुक्तीपत्राप्रमाणे एक महिन्याची नोटीस देत आहे. सहा वर्षांचं साचलेलं सगळं त्यात लिहावंसं वाटत होतं, लिहून पण काढलं होतं आदल्या रात्री तीन पानं, ती आईला वाचून दाखवली आणि कपाटात ठेवली.

साहेब वाचून गप्प झाले. मग म्हणाले, "तुला आम्ही कधी परकं मानलं नाही. किती देतात ते? तीन हजार वाढवतो, आजपासून." ऐकून मला खूप वाईट वाटलं. एप्रिलमध्ये हेच तीन हजार दिले असते तर मी दुसरीकडे बघितलंही नसतं, आणि सात महिन्यांपूर्वी जे नव्हते ते एका मिनिटात आले म्हणजे ते होतेच. मी म्हटलं, साहेब तिकडे शब्द दिलाय, पण महिनाभर कामात काही कमी पडू देणार नाही. त्या महिन्यात मी आधीपेक्षा जास्त काम केलं. कॅश, चेकबुक, डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह, फाइली, सगळ्याची यादी दोन प्रतींत, दोन्हींवर त्यांची सही आणि एक माझ्याकडे. आणि जीएसटी पोर्टलला, टीडीएसला, पीएफला नोंदवलेला मोबाईल नंबर माझा होता, ओटीपी माझ्याकडे यायचे, ते सगळे नंबर बदलून घेतले. हे फार लोक विसरतात आणि मग सोडून वर्ष झालं तरी वीस तारखेला जुन्या ऑफिसचा फोन, ताई ओटीपी सांगा.

पगाराचा हिशोब महिन्याभराने मिळाला, अनुभवपत्रही मिळालं, पीएफवर डेट ऑफ एक्झिट मात्र कुणी टाकली नाही, ती दोन महिन्यांनंतर मीच पोर्टलवरून टाकली, तशी सोय आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं आणि सोडणाऱ्याचा पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा असं आहे. आमच्या एमआयडीसीत कितीजणांच्या हातात नियुक्तीपत्र आहे हे तुमच्या वार्ताहराने गेटवर उभं राहून विचारावं ही माझी विनंती आहे, आणि नुसती बातमी नको, पगाराची स्लिप कशी वाचायची यावर एक पान छापा, लोक कापून ठेवतील.

त्या उद्योजक वाचकांना एवढंच सांगायचंय, तुमच्याकडचा माणूस एका दिवसात सोडून जात नाही. आधी तो विचारतो. मग परत एकदा, जरा कमी आवाजात विचारतो. मग विचारायचं बंद करतो, वेळेवर येतो वेळेवर जातो, आणि तेव्हा तुम्हाला वाटतं हा आता सुधारला. मी तीनदा विचारलं होतं, २०२१ ला, २०२२ ला आणि २०२३ ला. निष्ठा होती म्हणूनच विचारलं, नसती तर पहिल्याच वेळी गेले असते.

माझ्या जागेवर आता एक मुलगी आहे, तिला मीच शिकवलं होतं त्या महिन्यात. परवा रात्री तिचा फोन आला. ताई, मला चौदा देतात, दोन वर्षं झाली, सोडू का? मी म्हटलं सोड किंवा राहा हे मी सांगणार नाही. तिचं पासबुक तिने कधीच उघडलेलं नव्हतं. येत्या रविवारी घरी येणार आहे, सगळ्या स्लिपा, नियुक्तीपत्र आणि आधार कार्ड घेऊन ये म्हणून सांगितलंय.

कळावे,
एक वाचक, कोल्हापूर